मेरी रीसरची खोली आणि मामांची खोली : एका स्मोक अलार्मचे परीक्षण

ऑनलाइन दुकानांत दीड हजार रुपयांच्या आसपास मिळणारा, बॅटरीवर चालणारा आणि छताला लावायचा पांढरा गोल स्मोक अलार्म एकाच साच्यातून निघतो आणि वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, त्यामुळे येथे नावाऐवजी त्या प्रकाराचेच परीक्षण करीत आहे. खोक्यावर ‘फोटोइलेक्ट्रिक’ हा शब्द, युरोपातील ईएन १४६०४ या मानकाचा उल्लेख आणि यंत्राच्या पाठीवर निर्मितीचा महिना व वर्ष असे तिन्ही असेल, तर तो याच जातीचा समजावा. मी तो मामांसाठी घेतला. मामांनी ऐंशी ओलांडली आहे, डाव्या पायात बळ उरलेले नाही, बिडी काही सुटलेली नाही आणि रात्रीची झोपेची गोळी घेतल्यावर अनेकदा आरामखुर्चीतच त्यांचा डोळा लागतो. त्यांच्या शालीला काळ्या कडेचे, बोराएवढे भोक पडलेले त्यांना सांभाळणाऱ्या मावशींनी दाखवले, तेव्हा हा विषय पुढे ढकलण्यासारखा राहिला नाही.

आरामखुर्ची, झोपेची गोळी, पेटती बिडी आणि बंद दार ही चार नावे एकत्र आली की बाहेरची कोणतीही ठिणगी नसताना ‘माणूस आपोआप पेटतो’ या दाव्याविषयी थोडेफार वाचलेल्या कोणालाही १९५१ सालचे फ्लोरिडा आठवते. म्हणूनच या यंत्राची पारख मी खोक्यावरच्या जाहिरातीवरून न करता त्या दाव्याच्या पुराव्यादाखल सांगितल्या जाणाऱ्या गाजलेल्या प्रकरणांवरून केली आहे. त्या खोल्यांत हे यंत्र असते तर ते कधी वाजले असते, आणि वाजून काही उपयोग झाला असता का, हा माझा निकष आहे.

२ जुलै १९५१ रोजी सकाळी फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे मेरी रीसर या ६७ वर्षांच्या बाईंच्या घरमालकीण एक तार देण्यासाठी त्यांच्या दारापाशी गेल्या आणि दाराची मूठ गरम लागल्याने त्यांनी मदतीसाठी हाक मारली. आत खुर्चीच्या स्प्रिंगा, राखेचा ढीग, पाठीच्या मणक्याचा काही भाग आणि सपातीत तसेच्या तसे राहिलेले एक पाऊल असे मोजकेच अवशेष सापडले. खोलीच्या भिंतींचा वरचा भाग काजळीने माखलेला होता, तर खालचा भाग जवळजवळ स्वच्छ होता. उंचावरच्या प्लास्टिकच्या वस्तू आणि मेणबत्त्या वितळल्या होत्या आणि खालच्या बऱ्याच वस्तूंना धक्काही लागला नव्हता. इथपर्यंतचे वर्णन रहस्यकथा सांगणारा प्रत्येक जण चवीने करतो. त्याच प्रकरणातील पुढचा भाग मात्र बहुतेक वेळा गाळला जातो. आदल्या संध्याकाळी मुलगा भेटायला आला, तेव्हा बाई खुर्चीत बसून सिगारेट ओढत होत्या, अंगात रेयॉनचा झोपण्याचा झगा होता, झोपेच्या दोन गोळ्या त्यांनी घेतलेल्या होत्या आणि आणखी दोन घेण्याचा विचार त्यांनी त्याला बोलून दाखवला होता. स्थानिक पोलिसांनी अवशेष एफबीआयच्या प्रयोगशाळेकडे पाठवले आणि तेथून आलेले उत्तर सरळ होते : कपडे एकदा पेटल्यावर शरीरातील चरबीच इंधन म्हणून पुरते.

या उत्तराला शास्त्रीय भाषेत वातीचा परिणाम म्हणतात आणि समईच्या घरात वाढलेल्या माणसाला तो समजायला वेळ लागू नये. जळते ते तेल, वात फक्त ते ज्योतीपर्यंत ओढून नेते. येथे वातीचे काम कपडे, गादी किंवा खुर्चीचा कापूस करतो आणि तेलाचे काम वितळून त्यात झिरपणारी चरबी करते. लीड्स विद्यापीठातील डी. जे. गी यांनी १९६० च्या दशकात मानवी चरबीचा थर कापडात गुंडाळून पेटवून पाहिला, तेव्हा तो मोठा भडका न होता लहान ज्योतीने सावकाश जळत गेला. १९९८ मध्ये आगीच्या तपासातील तज्ज्ञ जॉन डीहान यांनी बीबीसीसाठी मेलेले डुक्कर ब्लँकेटमध्ये गुंडाळून, थोड्याशा पेट्रोलने पेटवून, सुसज्ज खोलीत कित्येक तास जळू दिले. मधल्या भागातील हाडेही ठिसूळ होऊन चुरा होण्याच्या अवस्थेला पोहोचली. त्याच डीहान यांच्या १९९१ सालच्या एका तपासात ओरेगॉनच्या जंगलात खून करून पेटवलेला मृतदेह जळत असतानाच लोकांच्या दृष्टीस पडला होता, म्हणजे ही क्रिया प्रयोगशाळेबाहेरही चालू असताना पाहिली गेली आहे.

आपल्याकडे यावर एक अगदी रास्त शंका घेतली जाते, आणि ती मामांनीच मला विचारली. चितेला काही क्विंटल लाकूड लागते, रॉकेल आणि तूप लागते, तरीही तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला उरतात. मग खुर्चीत बसलेला माणूस नुसत्या विडीने राख कसा होईल? शंकेचे मूळ एका गृहीतात आहे. चिता मोकळ्या हवेत भडकते, तिची बहुतेक उष्णता वर निघून जाते आणि सगळे काही तासांत उरकायचे असते. खुर्चीतली ज्योत लहान, शरीराला चिकटलेली आणि रात्रभर टिकणारी असते. शिवाय संपूर्ण शरीर राख झाल्याची प्रकरणे नसतातच. धड जळते, कारण चरबी तेथे असते. पावले आणि पोटऱ्या राहतात, कारण तेथे चरबी कमी आणि कापडही बहुधा नसते. वयस्कर स्त्रियांची हाडे आधीच विरळ झालेली असतील तर ती लवकर चुरतात, हे अँजी ख्रिस्तेन्सन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी २००२ मध्ये प्रयोगाने दाखवले आहे. ‘शेजारच्या वस्तू का जळल्या नाहीत’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही ज्योतीच्या आकारात आहे, कारण आडव्या दिशेने तिची आच फार दूर पोहोचत नाही आणि तापलेले वायू थेट छताकडे जातात. काजळीचा तो आडवा पट्टा हेच सांगत असतो. स्मोक अलार्म छतालाच का लावायचा याचे कारणही हेच, आणि एवढ्यासाठी मला माहितीपत्रकातील आकृतीपेक्षा रीसर यांच्या खोलीचे वर्णन अधिक उपयोगी पडले.

विज्ञानाने याकडे अलीकडेच लक्ष दिले असे नाही. अठराव्या शतकात अशा मृत्यूंचे खापर दारूवर फोडले जाई, म्हणजे अति मद्यपानाने शरीर मुरते आणि एखाद्या ठिणगीने किंवा ठिणगीविनाही पेटते, असे डॉक्टरही लिहीत. १८४७ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथे गोर्लिट्झच्या काउंटेस जळालेल्या अवस्थेत सापडल्या, तेव्हाही हाच तर्क पुढे आला; १८५० च्या खटल्यात नोकराने त्यांचा खून केल्याचे सिद्ध झाले आणि युस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने दारूचा सिद्धान्त मोडीत काढला. शरीरशास्त्राचे नमुने वर्षानुवर्षे तीव्र अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवलेले असतात, ते पेटवले तर अल्कोहोल जळून जाते आणि मांस मागे राहते, एवढा साधा युक्तिवाद त्यास पुरला. दारूचा संबंध आहे, पण तो वेगळ्या जागी आहे : प्यालेल्या माणसाच्या हातून दिवा पडतो आणि अंगाला चटका बसला तरी त्याला जाग येत नाही. जो निकेल आणि जॉन फिशर यांनी १९८४ मध्ये १७२५ ते १९८२ या काळातील ३० प्रकरणे तपासली, तेव्हा त्यांनाही जवळपास मेणबत्ती, दिवा, शेकोटी किंवा तंबाखू यांपैकी काहीतरी वारंवार सापडले. ज्वाला शरीराच्या आतून निघत असतील तर त्या एकट्या राहणाऱ्या, थकलेल्या, झोपलेल्या माणसांनाच का निवडतात, याचे उत्तर आपोआप पेटण्याच्या समर्थकांकडून कधी आलेले नाही. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये कोणी मधोमध उभ्या उभ्या पेटल्याचे ऐकिवात नाही, आणि तेथे साक्षीदारांची वाण पडली नसती.

आता यंत्राकडे. घरगुती स्मोक अलार्म मुख्यतः दोन जातींचे असतात. आयनीकरण जातीच्या यंत्रात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सर्गी पदार्थाचा कण असतो, तो दोन पट्ट्यांमधील हवेतून क्षीण विद्युतप्रवाह वाहता ठेवतो आणि धुराचे कण आत शिरले की तो प्रवाह मंदावतो. भडकलेल्या आगीतील अतिसूक्ष्म कण हे यंत्र झटकन ओळखते. फोटोइलेक्ट्रिक यंत्रात काळोखी कोठडी असते, तिच्यात एका कोनात प्रकाश सोडणारा दिवा आणि दुसऱ्या कोनात, प्रकाश थेट पडणार नाही असा ठेवलेला ग्राहक असतो. धुमसणाऱ्या आगीचा जाडसर धूर आत आला की प्रकाश विखुरतो, ग्राहकावर पडतो आणि कर्णा वाजतो. रीसर यांच्यासारखी प्रकरणे बहुधा धुमसण्याने सुरू होतात. शाल, गादी, खुर्चीचा कापूस यांची आग पहिला बराच वेळ ज्योतीविना, फक्त धुराच्या रूपाने पसरते, आणि वाचवण्याची वेळ असते ती त्याच टप्प्यात. तेव्हा ओढणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीसाठी फोटोइलेक्ट्रिक हीच निवड योग्य आहे. आयनीकरण जातीवर आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते, हा आणखी एक मुद्दा असला तरी माझ्या निवडीत तो दुय्यम होता.

यंत्रावरचे बटण दाबून होणारा आवाज कर्णा आणि बॅटरी ठीक आहेत एवढेच सांगतो, म्हणून मी जुन्या सुती धोतराची पट्टी स्टीलच्या परातीत ठेवून, शेजारी पाण्याची बादली घेऊन, तिला बिडीचे जळते टोक लावले. प्रथम काहीच दिसत नाही. मग तांबडी कड कापडावरून मुंगीच्या चालीने सरकू लागते, तिच्यामागे काळा ठिसूळ पापुद्रा राहतो आणि निळसर धुराची एक सरळ रेघ वर चढून छतापाशी पसरते. दारे लावून पंखा बंद ठेवला होता, तेव्हा पट्टी निम्मी जळायच्या आत कर्णा वाजला आणि शेजारच्या बिऱ्हाडातून विचारणा झाली. पंखा पूर्ण वेगाने लावल्यावर मात्र तोच धूर खोलीभर पांगला, नाकाला वास झोंबत होता, तरी यंत्र बराच वेळ गप्प राहिले. परदेशी मार्गदर्शिकांत पंख्याच्या पात्याच्या टोकापासून सुमारे ३ फूट दूर यंत्र लावावे असे असते आणि ते पाळल्यावर स्थिती सुधारली; पण बारा महिने तेरा काळ पंखा फिरणाऱ्या आपल्या खोल्यांचा विचार या यंत्राच्या निर्मात्यांनी केलेला दिसत नाही, आणि माहितीपत्रकात पंख्याचा उल्लेखही नाही. ही मला यातील सर्वांत मोठी उणीव वाटते.

उलट्या बाजूची तक्रार खोट्या गजराची. संध्याकाळी देवाजवळ लावलेल्या उदबत्तीला यंत्राने दाद दिली नाही, धूप घातल्यावर ते ओरडले, आणि स्वयंपाकघराचे दार उघडे ठेवून मिरचीची फोडणी दिली तेव्हाही ओरडले. गजर थोडा वेळ गप्प करण्याचे बटण आहे, पण ते छतावर असल्यामुळे काठी लागते. अशा वेळी घरातली माणसे बॅटरी काढून ठेवतात आणि ती पुन्हा घालायची राहून जाते, म्हणून यंत्र स्वयंपाकघराजवळ न लावता झोपायच्या खोलीतच लावणे बरे.

या यंत्राची खरी मर्यादा मला आयर्लंडमधील एका प्रकरणावरून कळली. २२ डिसेंबर २०१० च्या पहाटे गॉलवे शहरात एक ७६ वर्षांचे गृहस्थ घरात जळून गेले. गजराच्या आवाजाने शेजारी जागा झाला, बाहेर आला, त्याने धूर पाहिला आणि दार ठोठावले. तोवर उशीर झाला होता. म्हणजे गजर वाजला आणि माणूस गेला. पुढे सप्टेंबर २०११ मध्ये तेथील मृत्यु-चौकशी अधिकाऱ्याने हा मृत्यू आपोआप पेटण्याच्या प्रकारात मोडतो आणि त्याचे पुरेसे स्पष्टीकरण मिळत नाही, असा निर्णय दिला आणि ही बातमी जगभर गेली. तपासनिसांनी आगीचा उगम शेकोटी नव्हे असे सांगितले होते आणि पेटवणारे रसायनही सापडले नव्हते, हे खरे. पण उगम सापडला नाही, म्हणून उगम नव्हता, असे म्हणता येत नाही. ज्या वस्तूने आग लागते ती अशा प्रकरणांत पहिल्यांदा जळून जाते. सिगारेटची राख आणि माणसाची राख सहज वेगळी काढता येत नाही. मृत्यूचे कारण अज्ञात असे लिहिणे हा प्रामाणिक निर्णय झाला असता. अज्ञाताला एक नाव दिले की ते कारण असल्यासारखे वावरू लागते.

आपल्या देशातही २०१३ मध्ये तमिळनाडूतील एका तान्ह्या मुलाच्या बाबतीत हेच नाव वर्तमानपत्रांत झळकले. चेन्नईच्या किल्पौक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील तपासण्यांत त्या मुलाच्या शरीरात पेट घेण्याजोगे काही आढळले नाही, आणि बोलू न शकणाऱ्या मुलाला कोणी भाजत तर नाही ना, हा खरा प्रश्न मथळ्यांच्या गोंगाटात मागे पडला. महाराष्ट्रात भानामतीच्या घरांत दांडीवरचे कपडे, कपाटातल्या साड्या पेटतात, तेव्हा अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते घरातल्याच कोणा माणसाचा हात आणि त्या हातामागची कुचंबणा शोधतात, आणि बहुतेकदा ती सापडते. ही दोन्ही प्रकरणे रीसर यांच्या खोलीपेक्षा वेगळी आहेत. तेथे अपघात आहे, येथे माणसाच्या हाताचा संशय आहे. प्रत्येक आगीला एकच ठरावीक उत्तर चिकटवणे हा देखील आळसच, मग तो स्वतःला चिकित्सक म्हणवणाऱ्याचा असला तरी.

गॉलवेचा धडा घेऊन मी एकटे यंत्र परत केले आणि त्याच जातीची बिनतारी जोडलेली जोडी मागवली. एक यंत्र मामांच्या खोलीत आणि दुसरे मावशी झोपतात त्या बाहेरच्या खोलीत आहे. एक वाजले की दुसरे वाजते. किंमत दुपटीहून थोडी अधिक पडते आणि ती द्यावी असे माझे मत आहे, कारण ज्याला स्वतः उठता येत नाही त्याच्यासाठी गजर त्याच्या कानाशी वाजून भागत नाही. आवाजाबद्दलही हेच. मानकाप्रमाणे ३ मीटरवर ८५ डेसिबल इतका तो मोठा असतो, पण त्याची पट्टी फार वरची आहे आणि वयोमानाने ऐकू येणे कमी होते ते याच वरच्या पट्टीपासून. श्रवणयंत्र काढून झोपलेल्या मामांना, गजराने शेजारची कुत्री भुंकू लागली तरी पत्ता लागला नाही. खालच्या पट्टीतील गजर अशा लोकांना अधिक चांगला जागा करतो असे अभ्यास सांगतात, परंतु तशी यंत्रे या किमतीत मला दिसली नाहीत.

यंत्राइतक्याच महत्त्वाच्या दोन गोष्टी यंत्राबरोबर केल्या. मामांच्या कोरड्या त्वचेला पॅराफिनचे मलम रोज चोळले जाते आणि ते शालीत, चादरीत मुरते. असे कापड सहज पेटते आणि झपाट्याने जळते, याविषयी ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये इशारा दिला होता, कारण तेथे अंथरुणावरच ओढणाऱ्या रुग्णांचे मृत्यू झाले होते. वाहते तेल आणि तयार वात दोन्ही अंगावरच, असा हा प्रकार. आता मलम लावल्यावर शाल बदलली जाते. बिडी ओढायची ती मावशी समोर असताना, खोल पितळी रक्षापात्रात पाणी ठेवून, एवढ्यावर मामांशी तह झाला आहे. मामांची यावरची प्रतिक्रिया येथे छापण्याजोगी नाही.

बांधणी बेताची आहे. छताला चिकटवायची पट्टी चुन्याच्या रंगावर टिकत नाही, ती लगेच सुटली, म्हणून स्क्रूच वापरावेत आणि भोके पाडायला सुतार किंवा वायरमन बोलवावा. बॅटरी उतरली की दर मिनिटाला टिक असा आवाज येतो, तो घरात पाल चुकचुकते म्हणून दुर्लक्षिला जातो. मावशींना तो ओळखायला शिकवावा लागला. जाळीत बारीक किडे आणि पंख्याची धूळ जाते, म्हणून दिवाळीच्या सफाईत व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने ती साफ करावी, ओल्या फडक्याने नाही. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहावे.

या किमतीला मी जोडीला पाचपैकी चार आणि एकट्या यंत्राला तीन गुण देतो, आणि पंखा चोवीस तास फिरत असलेल्या खोलीसाठी एकटे यंत्र घेऊ नये असे सुचवतो. खोके आल्यावर सर्वांत आधी पाठीवरची निर्मितीची तारीख पाहावी आणि ती दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर ते परत करावे, कारण यंत्राचे दहा वर्षांचे आयुष्य त्या तारखेपासून मोजतात, छताला लावल्याच्या दिवसापासून नव्हे.